लाल मातीचा सदरा

"अहो, पाय! पाय!"

नोएमी ओरडली, पण व्हायचं ते होऊन गेलं. बांधावरून घसरलेला तो उंच तरुण घोट्यापर्यंत तिच्या वाफ्यात उभा! डोंगरउतारावरच्या मारासच्या मिठागरात काढणीआधी वाफ्यात पाय टाकायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. याच्या पायांत तर बूट. पाण्यावर जमलेलं पांढरं मीठ चिखलात कालवून लालभडक झालं.

"मी विल्बेर... शाळेत रसायनशास्त्र शिकवतो," तो कसनुसा हसला.

"मग शाळेतच राहायचं ना, मास्तर!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई अंथरुणाला खिळल्यापासूनची तिची ही पहिलीच काढणी. ती बिघडली तर वाफा मामा कसणार, असं घरात ठरलं होतं. आणि असलं मीठ गुरांपुढेच टाकायचं.

"टाकू नकोस. खाऱ्या झऱ्याच्या पाण्यात पुन्हा विरघळवू आणि गाळू," विल्बेर म्हणाला.

"गाळलं की मीठ फडक्यातच अडकेल ना?"

"माती अडकेल. ती नुसती मिसळलीय, ठेवलीस तर तळाशीही बसेल. मीठ विरघळलंय... ते पाण्याबरोबर खाली उतरतं."

"मग परत कसं मिळायचं?"

"ऊन देईल."

फडकं शोधायला ती उठली, तर या पठ्ठ्याने अंगातला सदराच काढून टबावर ताणला. नोएमीने मान वळवली... मग हळूच परत आणली. दुपारभर दोघं गाळत बसली. सदरा लाल होत गेला, पाणी नितळ.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी यायचा. वाफा बघायला, म्हणे! अंगात तोच सदरा, कितीही धुतला तरी गुलाबीच.

"बदला की हो. पोरं हसतात तुम्हाला."

"दुसरा कुठाय?"

चक्क खोटं! त्याच्या दोरीवर आणखी दोन वाळताना तिने पाहिले होते. पण तिने ते चालवून घेतलं, आणि दुसरा दिवसभर उगाच हसत राहिली.

काढणीला मीठ निघालं ते पांढरंशुभ्र. आईने चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. "वाफा तुझाच गं, पोरी."

नोएमी मिठाची पुरचुंडी घेऊन धावतच शाळेच्या दारात पोचली.

"हे तुमचं. तुमचे उपकार कसे..."

"उपकार कसले? चिखल मीच केला होता."

"म्हणून तर! तुमचा पाय घसरला याचेच उपकार मानतेय मी," ती म्हणाली.

तो पुरचुंडीकडे बघत राहिला. "माती तर गाळून टाकलीस, नोएमी. मग मला... अजून का ठेवलंयस?"

ती लाजली. पण नजर मात्र तिने या वेळी वळवली नाही.

"गाळून बघितलं की रे... रोज रात्री बघितलं," ती म्हणाली. "तू नाही अडकलास फडक्यात. विरघळलास."

आत वर्गात पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली.