पहिला घोट

माझ्या जिभेबद्दल मी खोटी नम्रता कधी दाखवली नाही. नागपूरच्या एका गोऱ्यांच्या क्लबात बारा वर्षं मी बटलर होतो. डोळे मिटून एक घोट घ्यायचो आणि वाइन कुठल्या मुलखातली ते सांगायचो. साहेब लोक त्यावर पैजा लावत. रिठद गावच्या शेतकऱ्याच्या घरात ज्वारी-तुरीवर वाढलेल्या माणसाला अशी जीभ कुठून मिळाली, असं ते विचारत. मी म्हणायचो, ज्वारी-तुरीवरच. साध्या अन्नावर वाढलेल्या जिभेला लबाडी लगेच कळते.

१९३७च्या जानेवारीत मुंबईचे वाइनचे व्यापारी सोराबशेठ शिकारीच्या निमित्ताने मानोऱ्याच्या डाकबंगल्यावर उतरले. सोबत जंगलखात्यातला एक इंग्रज साहेब होता आणि एका नव्या पांढऱ्या वाइनच्या सहा बाटल्या. मला शेठनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"इंद्रभान," ते म्हणाले, "ही वाइन मला हिंदुस्थानात विकायची आहे. उद्या दुपारी इथल्या जेवणाशी तिची जोडी लावून दाखव. साहेबाला पटलं, तर माझ्या मुंबईच्या पेढीवर चव घ्यायचं काम तुझं."

फक्त चव घ्यायची. ट्रे उचलायचा नाही, उष्टे ग्लास विसळायचे नाहीत. मला ते काम हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं.

अशी वाइन गार असावी लागते. मानोऱ्यात बर्फ कुठून आणणार? बंगल्याची विहीर उथळ, पाणी कोमट. चौकीदार म्हणाला, पोहरादेवीच्या वाटेवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथल्या विहिरीचं पाणी हिवाळ्यात हाताला झोंबतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटल्या गोणपाटात गुंडाळून, टोपलीत घालून तिकडे गेलो.

विहीर अरुंद होती, काळ्या दगडात बांधलेली. पन्नाशीची एक बाई आत न डोकावता पाणी शेंदत होती. तिचं नाव रामीबाई, हे मागून कळलं. पहिली बादली वर आल्यावर तिने घागर भरली नाही. काठावरच्या एका सपाट दगडावर ओंजळभर पाणी ओतलं आणि मग घागरीकडे वळली. मी सहज दगडाकडे पाहिलं. पाणी नव्हतं. ओलसुद्धा नव्हती. काळा दगड काही पाणी पीत नाही. कुठेतरी बारीक चीर असेल, असं मी ठरवलं.

"बाई, ह्या बाटल्या दोन घंटे तुमच्या हिरीत सोडू काय?"

"सोडा ना भाऊ. पन वर काढल्यावर पयला घोट त्या दगडावर टाकजा. इथून जे निंगते, त्याचा पयला घोट तिचा."

"तिचा म्हंजे कोनाचा?"

"आमी इचारत नाही."

"आन नाही टाकला तं?"

"तसं कोनी केलंच नाही. मले काय मालूम?"

मला हसू आलं. "पयला घोट माहा राह्यते, बाई. माहं कामच थे हाये."

आणि ते खरंच होतं. आमच्या धंद्यात बाटली उघडणाऱ्याने आधी स्वतः चव घ्यायची, बिघडलेली वाइन पाहुण्याच्या ओठाला लागू द्यायची नाही. हा नियम मी बारा वर्षांत एकदाही मोडला नव्हता, आणि एका दगडासाठी मोडणार नव्हतो.

दोन तासांनी टोपली वर ओढली. काचेवर दव धरलं होतं. पुरेशी गार झाली का ते पाहायला मी तिथेच एक बाटली उघडली आणि ग्लासात थोडी ओतली. वास आधी आला: लिंबाची साल, अर्धवट पिकलेला पेरू, आणि त्यामागे मोगऱ्याची एकच कळी. मग घोट. गोडवा नावालाही नाही. जीभ स्वच्छ पुसून जाणारी कोरडी वाइन, शेवटी बदामाच्या सालीचा किंचित कडवटपणा. इतकी नितळ चव मी त्याआधी घेतली नव्हती. मी एकटाच हसत उभा राहिलो.

पाण्याला परत आलेल्या रामीबाईने दगडावर हात ठेवून पाहिला.

"पेले तं पेले," ती म्हणाली, आणि घागर न भरताच निघून गेली.

बंगल्यावरचा स्वयंपाकी तर्रीचं मटण करायला निघाला होता. मी ते बंद पाडलं. तिखटापुढे ही वाइन मरते. मी गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायला लावली, हुरडा चोळून घेतला. त्याच्यासोबत मीठ आणि घट्ट दही, चटणी नाही. अडाण नदीची मासळी तुपावर परतलेली, वर फक्त लिंबू. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, म्हणजे कच्ची कोशिंबीर, बिनमिरचीची.

"हे काय बिमाऱ्याचं जेवन हाये काय?" स्वयंपाकी कुरकुरला.

वाढण्याआधी मी हुरड्याची चिमूट तोंडात टाकली.

काहीच लागलं नाही. दाणा गरम होता, दाताखाली फुटला, रसही सुटला. चव नव्हती. कागद चावावा तसं वाटलं. दुसरी चिमूट घेतली तर सगळं जागेवर: गोडी, धूर, कोवळेपणा. आरासमोर बसून जीभ बधिरली असेल म्हणून चूळ भरली आणि मासळीचा तुकडा घेतला. पहिला घास कोरा. दुसऱ्यात तूप, लिंबू, नदी, सगळं.

दुपारी साहेबाने हुरडा खाल्ला, वर एक घोट घेतला आणि थांबला. मग पुन्हा हुरड्याकडे हात नेला. मासळी त्याने दुसऱ्यांदा मागून घेतली. शेठ माझ्याकडे पाहून मिशीत हसत होते.

"आता शेवटचं," ते म्हणाले. "पाठ फिरव. माझ्याकडे आणखी दोन जातीच्या पांढऱ्या आहेत. तिन्हींतली कुठली ते ओळख."

हातात ग्लास आला. मी घोट घेतला.

पाण्यालाही चव असते. याला तेवढीही नव्हती.

मी घाबरलो. माझं मुंबईचं काम त्या घोटावर अडकलं होतं, आणि तो घोट माझ्या तोंडात असूनही माझा नव्हता. मी दुसरा घेतला. लिंबाची साल, पेरू, मोगऱ्याची कळी.

"ही विहिरीतली," मी म्हणालो.

साहेबाने टाळी वाजवली. काम माझं झालं.

मुंबईत मी नऊ वर्षं नाव काढलं. नेहमी दोन घोट घ्यायचो. पहिला गंभीर चेहऱ्याने, गप्प राहून. निकाल दुसऱ्यावर द्यायचो. शेठ गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, "आमचा इंद्रभान पहिला घोट नुसता ऐकतो." हाताखालची माणसं माझी नक्कल करू लागली. मीही त्याला सरावलो. एका घोटाने माझं काही अडत नव्हतं.

एकेचाळीस साली दुसरा घोटही कोरा गेला.

गेल्या दिवाळीत तिसरा. चव घ्यायच्या ग्लासात चारच घोट मावतात.

या जानेवारीत, त्याच वाइनची जपून ठेवलेली एक बाटली घेऊन, मी मानोऱ्याला आलो. भर दुपारी विहिरीवर गेलो. रामीबाई वाकली होती, पण तिने मला ओळखलं. मी बूच काढलं, स्वतः चाखली नाही, आणि पूर्ण ग्लास त्या दगडावर ओतला.

वाइन दगडावर तशीच राहिली. उन्हात पिवळसर चमकत होती. थोड्या वेळाने तिच्याकडे मुंग्या आल्या. मी सावली सरकेपर्यंत थांबलो.

"बाई, काहून घेत नाही थे?"

"तुमी गेले तवापासून असंच हाये. आमी बी आता दगडावर पानी टाकत नाही."

ती काठाला गेली आणि कमरेत वाकून, मोकळेपणाने, थेट आत पाहू लागली.

"इथं आता कोनी नाही भाऊ. लेकीबाळी बिनघोर पानी नेतात." तिने माझ्यापुढे हात जोडले. "लय उपकार झाले तुमचे."

उन्हात थांबून मला तहान लागली होती. तिने तांब्याभर पाणी दिलं. मी तोंड भरून पाणी घेतलं. थंड होतं, दात शिवशिवले. चव अर्थातच नव्हती.

मी ते अजून गिळलं नव्हतं.

घोट उतरल्याचा आवाज झाला, अगदी जवळून.

माझं तोंड रिकामं होतं.