‘येते’ म्हणताना

आईवडील वेगळे झाले की कुटुंब न्यायालयात हल्ली साक्षीपुरावे कुणी विचारत नाही. घर सोडणाऱ्या मुलीने ‘येते’ म्हणायचं, मागे राहणाऱ्याने ‘ये’. यंत्रावर दोघांचे दिवे हिरवे लागले, तर ते घर कायद्याने तिचं राहतं. एक जरी लाल लागला, तर तिथलं येणंजाणं बंद. धास्ती असते ती मुलांच्याच दिव्याची. आईबापांच्या दिव्याकडे कोण बघतो?

पंधरा वर्षांची शाल्मली आज त्या यंत्रासमोर बसली होती. आजपासून ती आईकडे नागपूरला राहणार होती, आणि सोलापूरचं बाबांचं घर तिला काही केल्या गमवायचं नव्हतं. तिच्या आणि समोर बसलेल्या बाबांच्या कपाळाला यंत्राच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या.

“पण मॅडम, ‘येते’ तर सगळेच म्हणतात. निघताना ‘जाते’ कोण म्हणतं?” शाल्मलीने विचारलं.

“म्हणून तर तोच शब्द घेतला,” यंत्र बनवणाऱ्या डॉ. मुजावर म्हणाल्या. “तोंड सवयीने बोलतं, पण मेंदू आपलं काम करतच असतो. तू खरंच परत येणार असशील, तर दारातून आत शिरतानाचं चित्र तो आधीच काढून ठेवतो. आम्ही त्याला पुढचित्र म्हणतो. यंत्र तेवढंच बघतं.”

“आणि घाबरून चित्र पुसलं गेलं तर?”

“तर लाल.”

विज्ञानाची माणसं खोटा धीर देत नाहीत. कधीतरी द्यायला काय हरकत आहे!

शाल्मलीने डोळे मिटले. जिना, अडकणारी कडी, बाबांनी करपवलेली आमटी. गेले कित्येक दिवस ती हेच घोकत होती.

“बाबा, येते.”

हिरवा! पोरीला रडूच फुटलं.

“ये हं, सावकाश ये,” बाबा म्हणाले.

त्यांचा दिवा लाल लागला.

“म्हणजे... मी बाबाला नकोय?” शाल्मलीने डॉक्टरांना विचारलं.

“तसंच असेल असं नाही. तू येणारच नाहीस अशी त्यांच्या मनाने खात्री करून घेतली असेल, तरीही तू दारात आल्याचं चित्र उमटत नाही. नको असणं आणि आशा सोडणं, यंत्राला दोन्ही सारखंच.” डॉ. मुजावरांनी नजर खाली घातली. “कायद्यालाही. पण आणखी एकदा म्हणता येतं.”

“बाबा, म्हण ना परत. नुसतं ‘ये’ म्हण.”

बाबांनी तोंड उघडलं. दिव्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मग पोरीकडे न बघता ते कपाळावरची पट्टी सोडू लागले.