चारशे बावीसचं घर

चैत्रातली भर दुपार. माजलगावातली कुत्रीसुद्धा नालीत पोट टेकून पडली होती, आणि परमेश्वर कूलरपुढं बसून एक साधं काम उरकत होता. नकाशातला एक आकडा बदलायचा. बस.

परमेश्वर साखर कारखान्याचा नकाशेवाला. उपग्रहानं टिपलेली जमीन संगणकात उघडायची आन् कुठं ऊस, कुठं ओल, कुठं उतार ते सांगायचं, हा त्याचा धंदा. लोक त्याला 'सॅटेलाइट' म्हणत. त्यालाही गुदगुल्या व्हायच्या. मान एवढी ताठ, की पायाखालचं शेण त्याला चपलेला लागल्यावरच कळायचं.

त्याच्या भाषेत त्या नकाशाला रास्टर म्हणतात. अडाण्याच्या भाषेत सांगायचं तर बुद्धिबळाचा पट. लाखो घरं, आन् दर घरात त्या जागेच्या उंचीचा आकडा, मीटरमधी. मधीच एखादं घर भोवतीच्या घरांपेक्षा खोल निघालं, की पाणी कुठून कुठं वाहतं ह्याचं गणित तिथं अडतं. मग सॉफ्टवेअर ते घर भरून सपाट करतं. बटण एकच. पण तो खड्डा खरा का यंत्राची चूक, हे जागेवर जाऊन पाहावं लागतं. तिथं मात्र उन्हात चालावं लागतं, राव!

दिवाळीआधी कारखान्यानं त्याला विचारलं होतं, ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कोणत्या रानात घालाव्या? सिंदफणेकाठच्या त्या रानात चारशे चोवीसच्या आकड्यांमधी एक घर चारशे बावीस होतं. परमेश्वरानं बटण दाबलं. पडद्यावर रान सपाट झालं, 'योग्य जागे'च्या हिरव्या रंगात आलं. मग फोटोपुरता तो जीपनं तिथं गेलता. काच थोडी खाली केली, तर कडा गावाकडची एक तोडकरीण पुढं आली. भिवराबाई.

"साहेब, हितं पानी थांबतंय. माती बगा, गाळाची हाय."

"मावशे, उपग्रहापरीस तुझी नजर तेज हाय का?"

"उपग्रहाला हितं निजायचं न्हाई, साहेब. आमाला निजायचंय."

जीपमधले सगळे हसले. परमेश्वर जरा जास्तच.

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला, आन् रातोरात त्या रानात पाणी भरलं. भिवराबाईनं दहा कोप्यांतली माणसं ओढून बाहेर काढली आन् अकरावीत शिरली. ती काही बाहेर आली नाही.

आजच्या कामाचा फोन थोड्या वेळापूर्वीच आला होता. वरच्या मजल्यावरनं अमरसिंह, कारखान्याचा संचालक. एक जिना उतरणं त्याच्या इभ्रतीत बसत नसे.

"चार वाजता चौकशीचा साहेब येतोय. मूळ फाईलमदीच रान सपाट पायजे. न्हाईतर बाई तुझ्या बटणानं मेली, असं मीच लिहून देतो. जेलात सडशील बे."

परमेश्वरानं मूळ फाईल उघडली; दिवाळीआधीचं बटण त्यानं तिच्या नकलेवर दाबलं होतं. चारशे बावीस. त्यानं पुसून चारशे चोवीस लिहिलं, फाईल जतन केली, आन् खात्रीसाठी परत उघडली.

ते घर भरलं होतं. शेजारचं खचलं होतं. चारशे बावीस.

तेही भरलं. आता खड्डा फर्लांगभर पुढं, गाडीवाटेवर. तो भरला, तर डांबरी रस्त्यावर.

"रोहिणी, हे बघ गं जरा."

रोहिणी त्याच खोलीत संगणकावर उसाची शेतं रंगवायची. ती हसत उठली. "काय दादा, उन्हानं आकडे चालाय लागले का?" पण पडद्यावर बोट फिरवता फिरवता तिचं हसू आटलं.

"दादा... हे रस्ता धरून येतंय."

"कुठं?"

"हिकडं."

खोलीत वास सुटला. कुजलेल्या पाचटाचा, गाळाचा. कूलरमधी टिपूस नव्हता, तरी आत बुडबुड आवाज येत होता.

"भरू नका, दादा," रोहिणी कुजबुजली. "तिचा आकडा तिच्या जागी ठेवा. साहेबाला खरं सांगा..."

परमेश्वराचं बोट थांबलं. खरंच थांबलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का बे?"

"झालंच, साहेब," तो म्हणाला, आन् बटण दाबलं.

खड्डा आता बाजारतळावर होता. मग ह्या इमारतीच्या फाटकात. परमेश्वराचं बोट काही ऐकेना. आणखी एकदा दाबलं, आन् आकडा नेमका ह्या खोलीवर आला. चारशे बावीस. मग कुणी हात न लावता चारशे एकवीस. चारशे वीस...

"साहेब," टेबलाखालून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "पानी थांबतंय."

रोहिणी किंचाळत जिन्यानं खाली पळाली. वॉचमन गहिनीनाथला घेऊन परत आली, तेव्हा परमेश्वर खुर्चीतच होता. कपडे कोरडे, केस कोरडे, फरशी कोरडी ठणठणीत. तोंड तेवढं गाळानं भरलेलं. डॉक्टर म्हणाला, बुडून मेला. लोक म्हणाले, डॉक्टर घेऊन बसला असंल.

बसू द्या. पण भिंतीवर गाळाची रेघ होती, खोलीभर फिरलेली, कमरेइतकी उंच. रोहिणीच्या खुर्चीमागं तेवढी ती तुटली होती.

अमरसिंहानं चुना मारून घेतला. रेघ वर आली, पहिलीपेक्षा वीतभर उंच. मग डिस्टेंपर मारला, मग ऑइलपेंटचे हातावर हात. दर हाताला रेघ वीतभर चढली. परवा ती छताला टेकली.

कालपासून वरच्या मजल्यावर अमरसिंह दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसतोय. कावून, म्हणून इचारलं तर सांगत न्हाई. चहा आणणाऱ्याला दारातच थांबवून म्हणतो, "चप्पल काढून ये... आन् बुडालेलं काही पायाला लागलं, तर खाली बघू नको."