सहाव्या पडद्याखालचा साग

तिसरा पडदा

यास्मिन गिटारची दांडी रंध्यानं गोल करत होती. तिसऱ्या पडद्याच्या, म्हणजे फ्रेटच्या, जागेपर्यंत साग मऊ निघाला. सहाव्यापाशी रंधा अडखळला आणि पोकळी उघडली. बोटाच्या पेराएवढी, डिंकानं काळी पडलेली. फळी तिनं एकटीनं निवडली होती. अब्बांना न दाखवता.

मिरजेतल्या त्यांच्या कारखान्यात सतारींच्या काळापासून एक रीत होती. लाकडातला असा डाग बुजवला की त्या जागी कडेला हाडाचा ठिपका बसवायचा, म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं. पण गिटारचे ठिपके तिसऱ्या, पाचव्या, सातव्या पडद्याशी असतात. सहाव्यावरच्या ठिपक्याबद्दल कुणीही विचारलं असतं.

तिनं पेशीलेपाची डबी उघडली. सागाच्या जिवंत पेशींचा लगदा. हवेतला ओलावा पिऊन पेशी लाकडाच्या रेषेरेषेनं वाढतात. आठवड्यात डाग नाहीसा. मग दांडी आठ तास तापवून पेशी मारायच्या.

पाचवा

चौथ्या तासाला सरस सुटू लागला. पडद्यांची पट्टी जुन्या पद्धतीनं सरसानंच चिकटवलेली. तिनं तापपेटी बंद केली.

अब्बांना आता कमी दिसायचं. त्यांनी दांडीवर टिचक्या मारल्या, कान लावला.

"साफ. ठिपका नाही ना कुठं?"

"नाही, अब्बा."

"माझ्या हातून इतकी बेदाग एकही निघाली नाही, पोरी." वाद्यावर उठवायचा आपला पितळी शिक्का त्यांनी तिच्या हातात ठेवला.

त्यानंतर तिच्या एकाही दांडीवर ठिपका आला नाही. डाग लेपानं बुजायचे आणि तापपेटी चौथ्या तासाला बंद व्हायची.

सातवा

तीन महिन्यांनी, ती पहिली गिटार विकत नेलेली केतकी ती घेऊन परत आली.

"चाचा, ही फुगलीय हो. सूरच लागत नाही. आमचा तबलजी विचारतो, गाभण आहे का?"

अब्बांनी टिचकी मारली. पुन्हा मारली. आत भरीव साग.

"चूक माझी. मीच साफ म्हणालो होतो." त्यांनी केतकीपुढं हात जोडले. "कान गेले माझे. आता लाकडाला हात लावणार नाही."

यास्मिन चहा ओतत होती. ती ओतत राहिली. बशी भरली, तरी.

आणि सहावा

चार दिवस अब्बा कारखान्यात नुसते बसून राहिले. पाचव्या दिवशी यास्मिननं त्या दांडीला कडेनं भोक पाडलं. भुसा ओला निघाला. तिनं हाडाचा ठिपका बसवला आणि अब्बांचं बोट धरून त्यावर ठेवलं.

अब्बांनी ठिपक्याच्या कडेनं बोट फिरवलं.

"कधीचा डाग?"

"तुम्ही साफ म्हणालात, त्याच्या आधीचा. मी लेपानं बुजवला. पेशी पुऱ्या मेल्या नाहीत. तुमचे कान ठीक आहेत, अब्बा. आत लाकूडच आहे. ते वाढतंय."

"चार दिवस बघत होतीस मला?"

यास्मिननं दांडीवरचा ओला भुसा पुसला.

"माझ्या शिक्क्यानं अशा आणखी किती गेल्या?"

तिनं मूठ उघडली. लेपानं बुजवलेल्या दर दांडीसाठी एक ठिपका. अब्बांनी तळहातावरचे ठिपके एकेक करून चाचपले. अकरा होते.

"हे ठिपके घेऊन तू पोचेपर्यंत," ते म्हणाले, "त्या किती वाढल्या असतील?"