खंडेनवमीला अडकलेलं बॉनेट

भुताखेताचं मला विचारू नका. मी जळोचीचा म्हस्कू, गाड्या दुरुस्त करणारा माणूस. गाडी बंद पडली तर तिला काहीतरी कारण असतं, एवढंच मला ठाऊक. हे सांगतोय ते तुम्ही विषय काढला म्हणून.

ब्याण्णव सालची खंडेनवमी. त्या दिवशी आमच्यात हत्यारं धुवून, पुजून ठेवतात. दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत न्हाईत. माझे पाने, पक्कड, जॅक सगळे गॅरेजात झेंडूच्या फुलांखाली. मी आपला मोकळ्या हातानं निरवांगीला गेलो, बहिणीला लुगडं द्यायला. तिच्याकडंच, गोजरबाईकडं, जेवलो, पान लावतोय तोवर शेजारचा कुंडलिक धावत आला.

"मामा, चला. रोहिणीला कळा सुरू झाल्यात. पंधरा दिस आधीच. आन् गाडीचं बॉनेट उघडंना."

रोहिणी त्याची बायको. गावातल्या दोन्ही जीपा देवाला गेलेल्या. ट्रॉलीत घालून न्यावं, तर सुईण म्हणाली, रगत जातंय, दणक्यानं बाई हाताला लागायची न्हाय. राहिली शेडातली पांढरी ॲम्बेसेडर. तिची बॅटरी मेलेली. घरातली टीव्हीची बॅटरी कुंडलिकनं उचलून आणली होती, पण बॉनेट उघडल्याबिगर लावायची कुठं?

मी चिडलोच. "आज हत्याराला हात न्हाय लावत मी. आन् गाडीची ही दशा केली कुणी?"

त्याची आई, छबूबाई, दारात उभी होती. म्हणाली, "हत्याराला नगा लावू, दादा. हातानं बघा. मागल्या साली ह्याच गाडीत..."

पुढचं कुंडलिकनं सांगितलं. पहिल्या खेपेला रोहिणीला इंदापूरला नेताना गाडी वाटेतच बंद पडली. बॉनेट तेव्हाबी उघडलं न्हाय. पोरगं मागच्या सीटवर जन्मलं, एकदा रडलं आन् गेलं. गाडी ट्रॅक्टरनं ओढून आणली, ती तेव्हापासून शेडात उभी. बॉनेटला परत कुणी हात लावला न्हवता.

घरातनं रोहिणीचं कण्हणं येत होतं. मग ते बारीक बारीक व्हायला लागलं, तसा मी बाह्या सारून गाडीपाशी गेलो.

बॉनेट अडकलं की एक साधी रीत हाय. एकानं आत बसून खटका ओढायचा, दुसऱ्यानं दोन्ही तळवे टेकून बॉनेट दाबायचं आन् एकदम सोडायचं. कुंडलिकनं ओढलं, मी दाबलं, सोडलं. काही न्हाय. परत केलं. तिसऱ्या खेपेला तो खाली उतरून आला, हातात खटक्याची गंजकी तार लोंबत होती.

"मामा... तुटली."

तार तुटली म्हणजे आतनं करण्यासारखं काही उरत न्हाय. बाहेरनं उचकटायचं म्हटलं तर माझी हत्यारं जळोचीला. कुंडलिककडं विळे न् खुरपी, त्यांचा काय उपयोग?

दुपारचे दोन वाजले असतील. पत्रा तापून चटके बसत होते. गाडीला एक शिवी हासडून मी तळवे परत टेकले, उगाच, रागानं.

आणि पत्र्याच्या खालनं कुणीतरी तळवे टेकले.

कसं सांगू... गोधडीच्या पलीकडनं लेकरू हात लावतं ना, तसं. नेमके माझ्या हातांखाली. तेवढाच पत्रा गार पडला. शेडात माशीचासुद्धा आवाज न्हवता. खोटं कशाला बोलू, मी भ्यालो. पण हात काढवेनात. हळूच म्हणालो, "ढकल, बाबा..."

खट्ट.

बॉनेट चार बोटं वर आलं. आतनं ऑइलचा वास यायचा, तर आला वेखंडाचा आन् बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीचा. कुंडलिकला तो आला का, ते मी विचारलं न्हाय. तारा हातानंच पिळून बॅटरी जोडली, बॉनेट कासऱ्यानं बांधलं आन् गाडी मीच हाणली. इंदापूर येईस्तोवर ती एकदासुद्धा गचकली न्हाय. चारच्या सुमाराला मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर मायलेकी दोघी गेल्या असत्या. छबूबाईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मला नको नको झालं.

गाडीचं पाणी बघावं म्हणून मी बाहेर येऊन कासरा सोडला. बॉनेटच्या आतल्या बाजूला, काजळीत, दोन पंजे उमटले होते. वर्षाच्या लेकराचे असावेत तेवढे. मी ते फडक्यानं पुसून टाकले.

तेव्हापासून गाडी दर दसऱ्यानंतर माझ्याकडंच येते. खटका नवा बसवलाय, बॉनेट आता एका बोटानं उघडतं. पंजे मात्र दर साली असतात. ती मुलगी, प्रतीक्षा, आता सहा वर्षांची झाली. पंजे सात वर्षांच्या पोराचे. मी पुसतो आन् गप बसतो. त्या माउलीच्या जिवाला घोर कशाला लावा, म्हणून.

परवा कुंडलिकसंगं रोहिणीबी आली होती. तो चहा सांगायला टपरीवर गेला. मी फडकं धुवून वाळत घालत होतो. ती जवळ आली. बॉनेटकडं तिनं बघितलंसुद्धा न्हाय.

"मामा," ती हळूच म्हणाली, "औंदा केवढा झालाय?"