अधांतरी बुरूज

"नीट दाब ग, कोपरा सुटतोय," नयना म्हणाली.

रूपीने खळ लावलेली कागदाची पट्टी भिंतीतल्या भेगेवर आडवी दाबून धरली. १९६१ सालची मे महिन्याची सुट्टी. नयना, तिचा धाकटा भाऊ बाळ्या आणि रूपी बोर्डीच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायला येत. माडीवर समुद्राकडच्या कोपऱ्याला एक छोटा गोल बुरूज होता. त्याच्या दारापाशीच ही भेग होती. परवा तिच्यात जेमतेम नख जात होतं. आज चिकूचं बी गेलं.

"कालची पट्टी फाटली, म्हणजे भिंत सरकतेय," बाळ्या म्हणाला.

"नाहीतर तू फाडलीस," नयनाने चिडवलं.

रूपी हसली नाही. बुरजाच्या बरोबर खाली, रस्त्यावरच्या एकुलत्या एका सावलीत, तिची आई जानी ताडगोळे विकायला बसे. रूपीने तिला दोनदा सांगून पाहिलं होतं. "मग उन्हात बसू? गिऱ्हाईक येल का तिथं?" म्हणून जानीने तिलाच गप्प केलं होतं.

बुरजात सिमेंटची पोती रचलेली होती. शाळेच्या नव्या खोल्यांसाठी परमिटवर मिळालेलं सिमेंट खाली ओल धरेल, म्हणून काशीनाथ ओव्हरसियरांनी ते वर चढवलं होतं. आज आणखी वीस पोती यायची होती.

तेवढ्यात ओव्हरसियरच जिना चढून आले. रूपीने भेग दाखवली.

"अगं, बुरूज आहे हा. किल्ल्याच्या बुरजावर तोफा चढवायचे. पोत्यांचं काय घेऊन बसलीस?"

"किल्ल्याचा बुरूज जमिनीतून वर येतो, साहेब. हा भिंतीतूनच बाहेर निघालाय. खाली नुसते चार दगड पुढे आलेत."

"आणि कागद वाऱ्यानेही फाटतो."

रूपीने क्षणभर विचार केला. "मग साहेब, या पट्टीवर तुम्हीच सही करा. पोती आली की खिडक्या लावा, माडीला कुलूप घाला. किल्ली तुमच्याकडे."

ओव्हरसियर खो खो हसले. भेगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी झोकात सही ठोकली. संध्याकाळी पोती आत गेली आणि कुलूप लागलं.

सकाळी रूपीने आईचा ताडगोळे सोलायचा कोयता गवताच्या गंजीत लपवला. तरी जानी शेजारणीचा मागून आणून आपल्या जागेवर बसलीच. रूपी धावत माडीवर गेली, तेव्हा ओव्हरसियर कुलूप काढत होते.

खिडक्या बंदच होत्या. सहीचे मात्र दोन तुकडे झाले होते.

ओव्हरसियर दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेले आणि त्यांनी जानीची पाटी स्वतः उचलली.

"बाई, आधी उठा."

"अवो, पाटीला हात कशाला लावता?" जानी त्यांच्यामागे रस्त्यापलीकडे गेली, ती भांडायलाच. आणि मागे धप्पकन आवाज झाला. बुरजाखालचा एक दगड तिच्या मोकळ्या जागेवर पडला होता. जानीने मागोमाग खाली आलेल्या रूपीचा हात पकडला. तो किती तरी वेळ सोडला नाही.

रस्ता अडवला गेला. खालून सागाचे टेकू लागले, मग एकेक पोतं उतरलं. उन्हं कलेपर्यंत बुरूज रिकामा झाला.

"वीस वर्षं बांधकामं बघतोय," ओव्हरसियर मुलांना म्हणाले, "पण काल ही पोर बोलेपर्यंत, याच्याखाली उभं राहून वर पाहावं असं मला सुचलं नाही."

मग त्यांनी शिडी आणून वाचनालयाच्या मागच्या भिंतीला टेकवली.

"रूपीबाई, इकडे काही दिसतंय का, बघता?"

बाळ्या खुदकन हसला. पण ओव्हरसियर थट्टा करत नव्हते. शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ते रूपीची वाट पाहत उभे होते.