पट्टा आवळला का?

भयरोपण केंद्रात शिकाऊ आणि सराईत असा भेद नव्हता. कालपरवा क्लच सोडायला शिकलेली पोरगी असो की शर्यती मारून आलेला पठ्ठ्या, दोघांच्या डोक्यावर सारखाच तारांचा टोप चढायचा आणि दोघांना एकच अपघात आठवायला लागायचा: वळणावरची खडी, सटकलेलं मागचं चाक, समोरून आलेला ट्रक. अपघात त्यांचा नव्हता. तो शार्दूल खराडेचा होता, आणि शार्दूल काचेपलीकडच्या खोलीत दोन वर्षं निपचित पडून होता. त्याच्या भीतीवर अख्खं शहर जपून गाडी चालवत होतं. भयरोपणाशिवाय दुचाकीचा परवानाच मिळत नसे.

काचेच्या अलीकडे, माइकपाशी, त्याचे वडील बसत. खराडे मास्तर केंद्राचे मुख्य प्रशिक्षक. उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात गेलेली, आणि पोटचा पोरगा खडीवर घसरला. दैवाला थट्टा करायला नेमकी अशीच माणसं सापडतात.

सुरुवातीला डॉक्टर नाडगौडा बाईंनी त्यांना नीट समजावलं होतं.

"स्मृती म्हणजे बरणीतलं लोणचं नव्हे, मास्तर. साठवून नाही ठेवता येत. शार्दूलच्या मेंदूत ती जागी झाली, की तेवढा वेळ दुसऱ्यांच्या मेंदूत पाठवता येते. ओळखीच्या आवाजानं त्याचं मन जागं होतं, मग यंत्र त्याला त्या वळणावर नेऊन उभं करतं."

"त्याला त्रास होतो का?"

"स्वप्नासारखं सरून जातं."

मास्तरांनी मान डोलावली. तेव्हापासून प्रत्येक तुकडीला ते माइकचं बटण दाबून, शार्दूल घरून निघताना रोज म्हणत तेच म्हणायचे, "पट्टा आवळला का रं?" त्या दिवशीही हेल्मेटचा पट्टा आवळलेला होता, म्हणून तर पोरगा वाचला. वाचला म्हणजे हा असा.

हाक गेली की शार्दूलची नाडी धावायची, डोळ्यांच्या कडा भरायच्या. मास्तरांचा दिवस त्या थेंबावर निघायचा. "माझा आवाज ओळखतो गं," ते घरी मंदाताईंना सांगत. मंदाताई म्हणत, "मला एकदा बोलू द्या की. नऊ महिने वागवलाय मी त्याला." पण आवाज एकच हवा, असा केंद्राचा नियम होता. खरं सांगायचं तर मास्तरांना तो नियम आवडतही होता.

परवा रुबिना तांबोळी नावाची शिकाऊ मुलगी भयरोपणातून उठली आणि हसत गाडीवर बसली. मैदानातल्या मुद्दाम पसरलेल्या खडीवर तिनं सुसाट वळण घेतलं. भीतीचा मागमूस नाही. मास्तर मैदानाच्या कडेवरून ओरडले, "पोरी, सावकाश! पट्टा आवळला का?"

रुबिनानं गाडी टाकून दिली. जमिनीवर मुटकुळं करून, दोन्ही हातांनी कान दाबून ती थरथरत म्हणू लागली, "नको, परत नको."

मास्तर धावत प्रयोगशाळेत आले. नाडगौडा बाई पडद्यावरचे आलेख पाहत होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"भीती मागे मागे सरकते, मास्तर. आधी ट्रकची असते. मग ट्रकच्या आधी खडी येते हे मेंदू शिकतो, आणि खडीची वाटायला लागते. शेकडो वेळा उजळणी झाली, की त्या सगळ्याच्या आधी जे येतं, त्याचीच उरते."

"सगळ्याच्या आधी काय येतं?"

बाईंनी माइककडे पाहिलं.

मास्तर आलेखाशी वाकले. "म्हणजे ते डोळ्यांतलं पाणी... तो मला ओळखत नव्हता?"

"ओळखत होता. म्हणून तर."

"स्वप्नासारखं म्हणाला होतात तुम्ही!"

"पहिल्या खेपेला तसंच होतं." बाईंनी चष्मा पुसला. "खडीची भीती पुन्हा रुजवायची तर कोरा आवाज हवा. त्याच्या आईला मी बोलावून घेतलंय."

काचेपलीकडे मंदाताई उभ्या होत्या. ठेवणीतलं इरकल नेसून, केसांत अबोली माळून. यंत्र सुरू झालं होतं, खोलीचं दार आपोआप बंद झालं होतं, आणि नवी तुकडी टोप चढवून बसली होती.

मास्तरांनी काचेवर मुठी आपटल्या. जाड काच, पलीकडे काही ऐकू जाईना; आतलं तेवढं स्पीकरवर बाहेर ऐकू यायचं. आत आवाज पोचवायची एकच वाट होती. त्यांनी माइकच्या बटणावर बोट ठेवलं. 'मंदे, बोलू नकोस,' एवढंच म्हणायचं होतं. पण ते मंदाला ऐकू गेलं असतं, तसंच शार्दूललाही. बापाचा आवाज, म्हणजे परत तो ट्रक.

त्यांनी बोट काढून घेतलं.

मंदाताई मुलाच्या कानाशी वाकल्या. "शार्दूल, बाळा, मी आलेय."

नाडी धावू लागली. डोळ्यांच्या कडा भरल्या. मंदाताईंनी पदरानं ते पाणी टिपलं आणि काचेकडे वळून त्या हसल्या, दोन वर्षांत हसल्या नव्हत्या तशा.

"अहो, मलाही ओळखलं त्यानं! आता मी रोज येणार."